विष्णूमामा मागायला शिकले

मये तलावाच्या काठावर अकरा स्पॅनिश पाहुण्यांना मी या तलावाचं पाणी कुठल्या शेतांना जातं ते सांगत होते, तेव्हा पिशवीतला फोन तिसऱ्यांदा वाजला. पाहुणे सोबत असताना फोन घ्यायचा नाही हा माझा नियम. आईच्या आजारपणातसुद्धा तो मी मोडला नव्हता, त्यावरून बाई किती हट्टी आहे ते वाचकांनी ओळखावं. पण या वेळी नाव पाहिलं तर सुनंदामामीचं. मामी आलेला फोन घेते, स्वतः कधी लावत नाही. मी हात वर केला आणि म्हटलं, "लेस पिदो उन मिनुतो", म्हणजे तुमच्याकडे एक मिनिट मागते. दहा पावलं बाजूला जाऊन फोन कानाला लावला. मामी म्हणाली, "शैलू, हे गेले गो... काजूंत गेले." सकाळी काजूचे बोंडू गोळा करायला मामा नेहमीप्रमाणे डोंगरीवर गेले होते. उशीर झाला म्हणून शेजारचा बघायला गेला, तर झाडाला टेकून बसलेले, टोपली अर्धी भरलेली. मिनिट संपलं. मी परत गेले आणि राहिलेली माहिती सांगून पूर्ण केली. तलावाची खोली त्या दिवशी मी चुकीची सांगितली, एवढं आठवतं. मामांच्या गावाच्या, लाटंबार्शाच्या रस्त्याला लागल्यावर लक्षात आलं की त्यांच्या मरणाची बातमी ऐकण्यासाठी मी जे क्रियापद वापरलं, ते त्यांना मीच शिकवलं होतं. दीड वर्ष शिकवत होते.

विष्णूमामा माझ्या आईचे चुलतभाऊ. लाटंबार्शाला भातशेती, डोंगरीवर काजू, आणि नोकरी वायरमनची. वादळात तारा तुटल्या की अर्धा तालुका त्यांच्या नावाने हाका मारायचा. पण गावात त्यांची ओळख वेगळीच होती. गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे. आमच्याकडे देवापुढे नारळ ठेवून गावाच्या वतीने, घराच्या वतीने एक माणूस मोठ्याने मागणं मागतो. कुणाची परीक्षा, कुणाचं गुडघ्याचं दुखणं, कुणाची गाय गाभण राहत नाही, सगळं नावानिशी सांगायचं. दर वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तो होकार आल्याशिवाय मागणं पुरं होत नाही, एकट्याचं मागणं देवापर्यंत पोचत नाही अशी समजूत. मामांचं गाऱ्हाणं ऐकायला पेडण्याहून माणसं यायची. पाठ केलेलं ते कधी म्हणत नसत. समोर कोण उभं आहे ते बघत आणि तिथल्या तिथे वाक्य जुळवत. मी लहानपणापासून त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहायची, कारण माझा आवाज मोठा. "शैलू जवळ आसली की देवाक ऐकूक जाता," असं ते म्हणायचे. पुढे याच आवाजावर माझं पोट भरलं. शिरगावच्या खाणीच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. खाण बंद पडल्यावर पणजीला जाऊन स्पॅनिश शिकले आणि गाइड झाले. मायक्रोफोन लागत नाही, म्हणून टूरवाले खूश.

आता गंमत बघा. जगासाठी मागणारा हा माणूस स्वतःसाठी कुणाकडे काही मागत नसे. दुसऱ्याच्या विधवा पेन्शनीसाठी पंचायतीत चार वेळा जाऊन बसतील, पण घरी आमटीत मीठ कमी असलं तरी मीठ मागायचे नाहीत. तहान लागली तर स्वतः उठून घडवंचीकडे जातील. मामी म्हणायची, चाळीस वर्षं संसार केला, ह्या माणसाला काय हवं ते मला अंदाजाने कळतं. काही पुरुषांचा अहंकार आवाज करतो, मामांचा गप्प बसायचा. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हटलं होतं एकदा, आणि ते हसले होते.

त्यांचा मुलगा महेश आधी बोटीवर खानसामा होता, मग स्पेनमध्ये व्हालेन्सियात हॉटेलात लागला आणि तिथेच इनेस नावाच्या मुलीशी रजिस्टर लग्न करून मोकळा झाला. सात वर्षांपूर्वीच्या चवथीला तो तिला घेऊन पहिल्यांदा घरी आला. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. मामीने साडी नेसवली, ती पोरगी जमिनीवर बसून आमच्याबरोबर गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला बांधायच्या रानफळांना दोऱ्या लावत होती. गणपती बसला, आरती झाली, मामा नारळ घेऊन उभे राहिले. महेशने तिला सांगून ठेवलं होतं की बाबा घरातल्या प्रत्येकाचं नाव घेतील. तुझं नाव आलं की गणपतीकडे बघून हात जोड. मामांनी सुनंदाचं नाव घेतलं, महेशचं घेतलं, पुतण्यांची, माझं, माझ्या नवऱ्याच्या ट्रकचं, गोठ्यातल्या कपिलेचंसुद्धा. दर नावाला आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. इनेस हात जोडून थांबली होती... आणि मामांनी नारळ खाली ठेवला. तिचं नाव आलंच नाही. शेवटचं "व्हय म्हाराजा" झालं आणि लोक प्रसादाकडे वळले. ती आणखी थोडा वेळ तशीच हात जोडून उभी होती, पुढे काही असेल म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पणजीच्या हॉटेलात गेली आणि पुढची सहा वर्षं लाटंबार्शाला आली नाहीत.

त्या सहा वर्षांत महेशचा फोन दर आठवड्याला यायचा, मामीला. मामा आजूबाजूला असायचे, काहीतरी दुरुस्त करत. मग मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती घरी आल्यापासून रोज दुपारी चारला इनेसचा फोन येऊ लागला, महेशचा नव्हे. ती कुठूनसे शिकलेले तीन शब्द विचारायची, "आई, पाय बरो?" मामीचा फोन स्पीकरवर असतो, दुसरं तिला ऐकू येत नाही. महिनाभर हे मामांनी ऐकलं. मग एका सकाळी स्कूटर घेऊन ते मयेला आमच्या दारात. हातात दोनशे पानी नवी वही. चहासुद्धा न घेता म्हणाले, "तिची भास शिकय माका." मी विचारलं, कशाला? त्यांनी वही उघडून पहिलं पान हाताने सपाट केलं. मग म्हणाले, "त्या वर्सा तिचां नांव तोंडार इलां आणि मी गिळलंय. भट नाय, देव नाय, कोण आड इलो नाय. माझोच जीव ल्हान झालो."

मला वाटलं, हे दोन मिनिटांचं काम. एक वाक्य लिहून देते, पाठ करा, फोनवर म्हणा. नाहीतर महेश आहेच, तो तिला सांगेल. मामांनी मान हलवली. "पोपटाक पण वाक्य येता. माका मागूक शिकय." पाठ केलेलं गाऱ्हाणं ते कधी घालत नसत, मग पाठ केलेली माफी कशी मागणार? आणि दुसऱ्याच्या तोंडून तर नाहीच. जन्मभर दुसऱ्यांचं तोंड झालेला माणूस हे म्हणत होता, म्हणून मी पुढे वाद घातला नाही.

दर रविवारी दुपारी मी लाटंबार्शाला जायची. पडवीत मामांचा एक फणसाच्या लाकडाचा पाट होता, मधोमध झिजलेला. त्यावर ते बसत, वही मांडीवर, आणि मी समोर चटईवर. म्हणजे गुरू खाली आणि शिष्य पाटावर. सुरुवातीला त्यांचा आत्मविश्वास दांडगा. त्यांचे वडील पोर्तुगीज शाळेत चार बुकं शिकलेले. आपल्या घरात पोर्तुगीजांचं जनेल आहे, कादेर आहे, चमच्याला कुलेर आहे, अर्धी भाषा आपल्याला येतेच, असं त्यांचं म्हणणं. मग कळलं की स्पॅनिश माणूस खिडकीला व्हेंताना म्हणतो आणि खुर्चीला सिया. एका रविवारी मामांचं सगळं फर्निचर गेलं. पुढच्या आठवड्यात मात्र त्यांनी स्वतःच विचारलं, मागणे याला काय? मी सांगितलं, पेदिर. वहीच्या नव्या पानावर त्यांनी ते ठळक लिहिलं आणि खाली रेघ ओढली. हेच आपलं, बाकीचं नंतर.

पेदिर तसं रोजच्या वापरातलं क्रियापद, पण सरळ चालत नाही. मी मागतो म्हणायचं तर पिदो होतं, तू मागतोस पिदेस, तो मागतो पिदे. आम्ही मागतो म्हटलं की पुन्हा पेदिमोस. मामांना पेदिमोस पहिल्याच दिवशी आलं. साहजिकच, "आमी मागतो" हे त्यांचं घराण्याचं वाक्य. पिदो काही केल्या येईना. दर वेळी पेदो म्हणायचे, त्याचा स्पॅनिशमध्ये चारचौघांत न सांगण्याजोगा अर्थ होतो, आणि मी हसू दाबून दुरुस्त करायची. शेवटी एकदा सांगून टाकलं. मामा कानांपर्यंत लाल झाले आणि मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. थोड्या वेळाने वहीकडे बघत म्हणाले, सगळ्यांनी मिळून मागितलं तर मूळ तसंच राहतं, आणि एकट्याने मागायचं तर मुळातून बदलावं लागतं, बरोबर आहे. मी म्हटलं, मामा, तत्त्वज्ञान नको, पाठ करा.

काजूचा मोसम आला तेव्हा धड्याला नवी रीत मिळाली. पडवीत बोंडूंचा ढीग, दोघांनी बसून बी पिळून काढायची, बोंडू एका बाजूला आणि बी दुसऱ्या. मामांनी ठरवलं, एका बीला एक रूप. पिदो, बी टोपलीत. पिदेस, बी टोपलीत. चुकलं तर ती बी परत ढिगात. संध्याकाळपर्यंत हात चिकट आणि पडवीभर आंबूस वास. एका मोसमात त्यांनी ते क्रियापद किती वेळा चालवलं असेल ते त्या डोंगरीलाच ठाऊक. मग मी म्हटलं, आता नुसतं म्हणू नका, वापरा. घरात खरंच काहीतरी मागा. त्यांनी हातातली बी टोपलीत टाकली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, गाऱ्हाण्याच्या आवाजात नव्हे, अगदी हळू म्हणाले, "पिदो आग्वा." मामी दारात येऊन उभी राहिली. "कितें म्हणता हे?" मी सांगितलं, पाणी मागताहेत. मामीने तांब्या आणून दिला आणि ते पिऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिली. पुढच्या रविवारी तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की काल रात्री जेवताना त्यांनी मीठ मागितलं, त्याच भाषेत. मीठ म्हणजे साल, हे तिलाही पाठ झालं होतं. मला त्या दिवशी दोघांचाही फार लोभ वाटला, आणि थोडा रागही, चाळीस वर्षं वाया घालवल्याचा.

एवढं असून इनेसचा फोन आला की मामांची जीभ टाळूला चिकटायची. दोनदा मी शेजारी बसून होते. एकदा त्यांनी पावसाचं विचारलं आणि फोन मामीकडे दिला. दुसऱ्यांदा नुसतं "इनेस" म्हणाले, तिने "हां, बाबा" म्हटलं, आणि मग दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत बसली. मी चिडले. म्हटलं, एवढं पाणी पालथ्या घड्यावर ओतलं असतं तरी घडा भिजला असता. मामा म्हणाले, जिथे गाळलं तिथेच घ्यायला हवं. गणपतीसमोर. महेशचा आठवड्याचा फोन आला तेव्हा मामीने त्याला सांगितलं की यंदाच्या चवथीला या, बाकी काही विचारू नका. आणि ती दोघं आली.

मागच्या चवथीची ही गोष्ट. तीच खोली, तीच माटोळी, माणसंही बहुतेक तीच. मामा नारळ घेऊन उभे राहिले, मी डाव्या बाजूला. "बा गणराया म्हाराजा, आज ह्या घरात तुझी पावलां लागली..." "व्हय म्हाराजा." मग नावं सुरू झाली आणि पहिलंच नाव, "माझी सून इनेस, लांबच्या देशातसून तुझ्या पायाकडे इली आसा, तिका सुखी ठेव..." "व्हय म्हाराजा." इनेसने गणपतीकडे बघून हात जोडले. मी मनात म्हटलं, झालं, सुटले. पण मामा थांबले. देवाकडे अर्धी पाठ केली, जे मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तिच्याकडे वळून त्याच गाऱ्हाण्याच्या चालीत म्हणाले, "इनेस, तु नोंब्रे नो दिखे. ते पिदो पेर्दोन." तुझं नाव मी घेतलं नाही, तुझ्याकडे माफी मागतो. पहिलं वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. ते त्यांनी वहीतून शब्द वेचून स्वतः जुळवलं होतं.

लोकांना शब्द कळले नव्हते, म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी "व्हय म्हाराजा" म्हटलं की सगळे म्हणणार, ही तिथली वर्षानुवर्षांची रीत. आणि माझं तोंड उघडेना... कारण त्या पहिल्या चवथीलाही मी तिथेच उभी होते. नाव गळलं हे मामांखालोखाल पहिल्यांदा मला कळलं होतं. मी त्यांच्या कोपराला हात लावू शकत होते, हळूच "इनेस" म्हणू शकत होते. त्याऐवजी मी सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं होतं. गळलेल्या नावाला माझा होकार होता. आता त्याच तोंडाने माफीला कसा होकार देऊ? शेवटी इनेसच म्हणाली, अडखळत, तिच्या उच्चारात, "व्हय म्हाराजा." मग सगळी खोली म्हणाली. मामा देवाकडे वळले आणि पुढची नावं घेतली, कपिलेसकट. जेवताना त्यांनी इनेसकडेच मीठ मागितलं आणि तिने ते वाढलं.

मी निघाले तेव्हा मामा फाटकापर्यंत आले. म्हणाले, "तू गप कित्याक रवलंस गो?" मी म्हटलं, घसा सुकला होता, सकाळपासून बोलतेय. "घसो सुकलो जाल्यार पाणी मागूक जाय," पाणी मागावं लागतं, असं म्हणून ते घरात गेले. त्यांना सगळं कळलं होतं, हे मला गाडी चालू करतानाच समजलं. पण मी पुढचे सात महिने विषय काढला नाही. धडे चालूच होते, आम्ही पुढच्या क्रियापदांवर गेलो होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ते म्हणतात ती मीच.

मामांना जाऊन आता सहा आठवडे झाले. बाराव्याला महेश आणि इनेस दोघं होती. महेश कामावर परत गेला, इनेस मामीजवळ राहिली. मागच्या रविवारी, म्हणजे धड्याच्याच दिवशी, मी दुपारी लाटंबार्शाला गेले. पावसाआधीचा शेवटचा बोंडूंचा ढीग पडवीत होता. मामी आत, आणि चटईवर इनेस एकटीच बी पिळत बसलेली. मामांचा पाट धुऊन भिंतीला उभा करून ठेवला होता. बाराव्यापासून त्यावर कुणी बसलं नव्हतं, मामीने कुणाला बसू दिलं नव्हतं. मी उभीच होते. हे क्रियापद मी दिवसातून वीस वेळा वापरते. पाहुण्यांकडे शांतता मागते, हॉटेलात बिल मागते, ड्रायव्हरसाठी पाच मिनिटं मागते. तरी त्या दुपारी ते काढायला मला मामांइतकाच वेळ लागला. म्हटलं, "इनेस, ते पिदो पेर्दोन." तिने वर बघितलं आणि कशाबद्दल ते विचारलं. मी सांगितलं. त्या पहिल्या चवथीला तुझं नाव राहिलं ते मला कळलं होतं, आणि तरी मी होय म्हटलं.

तिने हातातली बी पिळून टोपलीत टाकली. मग तिच्या भाषेत, साध्या आवाजात म्हणाली, "माहीत आहे मला. सगळ्यांत मोठा आवाज तुझाच होता."

उठली, हात पदराला पुसावेत तसे फ्रॉकला पुसले, भिंतीचा पाट काढला आणि ढिगाच्या पलीकडे, आपल्यासमोर मांडला. मामी दारात आली होती. तिने पाट बघितला, मला बघितलं, आणि अडवलं नाही. मी बसले. मधोमध झिजलेला होता, बसायला सोपा. एक बोंडू उचलला आणि बी पिळली. घसा खरंच सुकला होता. मी मामीकडे पाणी मागितलं.